राजदूताच्या बोटांवरचं तूप

माधवीबाई देवस्थळींकडे एक हुकमी गोष्ट होती. कॅनडातल्या ग्वेल्फच्या मराठी मंडळींत ती न ऐकलेला कुणी भेटला, तर तो परवाच विमानातून उतरला असणार असं खुशाल समजावं. पॉटलक असो, हळदीकुंकू असो, कुणाच्या पोराचा वाढदिवस असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणायचंच, "काकू, ती राजदूताची गोष्ट होऊन जाऊ दे." मग माधवीबाई रीतसर आढेवेढे घ्यायच्या. "अहो, किती वेळा तेच दळण दळायचं!" म्हणायच्या. पण तोवर त्यांची खुर्ची पुढे ओढून झालेली असायची.

गोष्ट अशी, की बहात्तर साली माधवीबाई आणि त्यांचे यजमान अरविंदराव इथिओपियात मास्तरकी करायला गेले. त्या काळी तिकडे शिक्षक हवे होते आणि इकडे बी.एड. झालेल्यांना कुणी विचारत नव्हतं, म्हणून पुष्कळ भारतीय मास्तर तिकडे गेले होते. देसी नावाच्या शहराच्या उत्तरेला, डोंगरात, एका तालुक्याच्या गावी दोघांना शाळा मिळाली. अरविंदराव गणित शिकवायचे, माधवीबाई इंग्रजी. बारा वर्षं सुखाची गेली. मग चौऱ्याऐंशीचा दुष्काळ आला. शाळेचे वर्ग बंद झाले आणि तिथं युरोपातून आलेल्या मदतीची कोठारं झाली. गव्हाची पोती, दुधाची भुकटी आणि पिवळ्या, तुपकट कशाचे तरी डबेच डबे. त्या वर्षांत युरोपात लोणी उदंड झालं होतं म्हणे. ते आटवून, डब्यांत भरून दुष्काळी मुलखात पाठवत. डब्यावर लिहिलेलं असायचं 'बटर ऑइल'. पण समुद्रावरून, वाळवंटातून येता येता त्याला असा काही वास लागायचा की उपाशी माणूससुद्धा तोंड फिरवायचा.

"मी डबा उघडला, वास घेतला आणि म्हटलं, अगोबाई, हे तर आपलं तूप! जरा खवट झालंय, एवढंच." इथं माधवीबाई नाक मुरडून दाखवायच्या आणि पहिला हशा व्हायचा.

मग त्यांनी मेथी, हळद, वेलदोडे घालून ते पुन्हा कसं कढवलं, वास कसा पळाला, आणि रांगेतल्या बाया भांडी घेऊन कशा पुढे सरकल्या, हे सगळं यायचं. आणि मग खुद्द राजदूत. युरोपातल्या एका देशाचा हा बडा माणूस मदतीचं काम बघायला आला होता. सोबत सरकारी पक्षाचा स्थानिक अधिकारी होता, त्याला सगळे कॉम्रेड म्हणायचे. गावात टेबलखुर्ची असलेलं घर एकच, मास्तरांचं. म्हणून पाहुण्यांची पानं तिथंच मांडली. मास्तरांच्या शिध्यातलाच वरणभात आणि त्यावर ते कढवलेलं तूप.

"दुसऱ्यांदा वाढायला गेले, तर साहेबानं पानावर हात आडवा धरला. आपण सोडतोय होय? मी म्हटलं, 'एवढंसं तरी घ्याच,' आणि पळीभर गरम तूप थेट त्याच्या बोटांवर! तर त्यानं बोटं पुसली आणि म्हणाला, बाई, लोणी आमच्याच देशाचं, पण इतकं चवदार आम्ही कधी खाल्लं नाही. आणि दोन महिन्यांनी चाळीस ट्रक आले. चाळीस!"

टाळ्या पडायच्या. "मराठी आग्रहापुढे युरोप नमला," असं कुणीतरी दरवेळी म्हणायचंच, आणि तो विनोद आपल्यालाच सुचला असं दरवेळी त्याला वाटायचं. मेथी-हळदीची युक्ती दुसऱ्याच कुणाची होती, ती बारीकशी उचलेगिरी सोडली तर गोष्टीत खोटं काही नव्हतं. फक्त मधलं एक वाक्य माधवीबाई पहिल्यापासून गाळत आल्या होत्या.

अरविंदराव गेल्यावर, दोन हजार नऊच्या वसंतात, मुलगा नंदन त्यांना ग्वेल्फला घेऊन आला. घर मोठं होतं, बेसमेंट त्याहून मोठं होतं, सून ऊर्मी नागपूरची, मोकळ्या स्वभावाची होती. कुणाला नावं ठेवायला जागा नव्हती आणि माधवीबाईंना त्याचीच पंचाईत व्हायची. दिवस जाता जायचा नाही.

मग एका शनिवारी फार्मर्स मार्केटात ऊर्मी कणसं निवडत होती आणि माधवीबाई उगाच हिंडत होत्या. हिंडता हिंडता त्या जागीच थांबल्या. मेथी घालून कढवलेल्या लोण्याचा वास आला होता. असा वास जगात एकाच मुलखाचा. त्या वासामागे गेल्या तर एका टेबलाशी पस्तिशीची एक उंच बाई मसूर आणि इंजेरा विकत होती. इंजेरा म्हणजे तिकडची आंबोळीच, फक्त परातीएवढी. माधवीबाईंनी गंजलेल्या अम्हारिकमध्ये विचारलं, "हे लोणी तू घरी कढवतेस का गं?"

त्या बाईनं मान वर केली. बराच वेळ बघत राहिली. मग हातातला डाव खाली ठेवून ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "अबेत, टीचर!"

ही 'अबेत'ची काय भानगड, हे ऊर्मीला मग घरी येईपर्यंत रडत रडत समजावून सांगावं लागलं. तिकडे वडील माणसानं नावानं हाक मारली की पोरानं असेल तिथून 'अबेत' म्हणायचं. आपण हाकेला ओ देतो ना, तशी. माधवीबाईंनी वर्गात 'प्रेझेंट मॅडम' शिकवायला जंग जंग पछाडलं, पण हजेरी घेताना चाळीस पोरं आपली चाळीसदा 'अबेत' करायची. शेवटी बाईच हरल्या. त्या चाळिसातली ही झेनेबेच. दुष्काळात अकरा वर्षांची होती.

झेनेबेचनं पुढल्याच वर्षी डाउनटाउनला छोटंसं रेस्टॉरंट काढलं. सोमवारी ते बंद असायचं. दर महिन्याच्या एका सोमवारी महिनाभराचं लोणी कढवायचं आणि त्यासाठी ऊर्मीनं टीचरना दहा वाजता आणून सोडायचं, असा रिवाजच पडून गेला. माधवीबाई त्या सोमवारची वाट बघायच्या. घरी त्यांना मायक्रोवेव्हची बटणं नातीला विचारावी लागायची, इथं त्या टीचर होत्या. पातेल्यात लोणी फसफसायला लागलं, शेजारी झेनेबेच कॉफीचे दाणे तव्यावर भाजायला लागली, की दोघींच्या गप्पा अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या अम्हारिकमध्ये अशा काही रंगायच्या की विचारू नका. निलगिरीच्या लाकडाच्या धुरानं भरलेल्या पहाटा निघायच्या. सप्टेंबरात पावसाळा सरला की सगळा डोंगर पिवळ्या फुलांनी भरून जायचा, आणि पोरी हातभर लांब देठांचे गुच्छ बाईंच्या टेबलावर ओतायच्या, तेही निघायचं. अरविंदराव खेचरावरून पडले आणि उठून आधी खेचराचीच विचारपूस करत बसले, ही आठवण तर दरवेळी. नंदन तेव्हा मराठीहून सफाईनं अम्हारिक बोलायचा, हे ऐकून झेनेबेच खो खो हसायची. आज कॅनेडियन बँकेत टाय लावून जाणारा तो माणूस एकेकाळी तिच्या पाठीवर बसून ओढ्यावर जात असे.

माधवीबाईंचं तारुण्य त्या डोंगरात राहिलं होतं. नवरा, संसाराची पहिली भांडी, मुलाचं पहिलं पाऊल, सगळं तिकडंच. हे सगळं खरंच घडलं होतं याला आता पृथ्वीवर एकच साक्षीदार उरली होती, आणि ती समोर कॉफी कुटत बसलेली असायची. त्या बाईवर माधवीबाईंचा किती जीव होता, हे नंदनलाही कळलं नसतं.

एकच गोष्ट त्या गप्पांत खुपायची. झेनेबेचची आई येशी. मेथी-हळदीची ती युक्ती मुळात येशीची. दुष्काळात गाव सोडून लेकीच्या शाळेशी येऊन राहिलेली ही बारीक बाई, तिनंच माधवीबाईंना लोणी कढवायला शिकवलं होतं. तिचा विषय आला की झेनेबेचचा चेहरा लाकडासारखा व्हायचा.

"माझ्या आईनं जमीन निवडली, टीचर," ती म्हणायची. "सरकारनं दक्षिणेत जमीन देतो म्हटलं, ती ट्रकात चढली आणि गेली. मला सांगितलंसुद्धा नाही. तुम्ही परक्या. पण तुम्ही मला ठेवून घेतलंत."

असं ती म्हणाली की माधवीबाई मान खाली घालून लोणी ढवळायच्या. लोणी ढवळायची तेव्हा काही गरज नसली तरी.

दोन हजार अकराच्या जुलैत सोमालियात दुष्काळ जाहीर झाला. टीव्हीवर पुन्हा तीच पोरं, तेच डोळे. माधवीबाई रिमोट शोधायला लागायच्या. मंडळानं ठरवलं, आपणही काहीतरी करायचं. झेनेबेचच्या रेस्टॉरंटमध्ये एका शनिवारी फंडरेझर डिनर ठेवायचं. मंडळाची सेक्रेटरी स्वप्नाली, उत्साहाचा नुसता झरा, तिनं फोन केला.

"काकू, तुम्ही तुमची स्टोरी सांगायची, आणि मग झेनेबेच दोन शब्द बोलेल. मी तिच्याशी बोलले ऑलरेडी. ती म्हणाली, टीचरनं मला कसं वाचवलं ते मी सांगते. इतकं टचिंग होईल ना! लोक रडतील बघा."

"बघू," माधवीबाई म्हणाल्या.

"बघू नाही हं. मी फ्लायरवर टाकलंय."

डिनरच्या आधीच्या सोमवारी ऊर्मीनं त्यांना रेस्टॉरंटपाशी सोडलं. "आई, मी ग्रोसरी करून तीनपर्यंत येते. पिक करते तुम्हाला," म्हणाली. आत शनिवारच्या जेवणासाठी नेहमीच्या दुप्पट लोणी काढून ठेवलं होतं. झेनेबेच नेहमीसारखी हसली नाही. माधवीबाईंनी एप्रन बांधला, मेथी मोजून घेतली, आणि मग त्यांचं लक्ष फ्रिजकडे गेलं. ऑर्डर लिहायच्या एका चिठ्ठीवर भलामोठा नंबर लिहून ती चुंबकाखाली लावलेली होती. सुरुवातीचे आकडे इथिओपियाचे होते.

"कुणाचा गं?"

"येशीचा," झेनेबेच म्हणाली. आई म्हणाली नाही. "जिवंत आहे. चर्चमधल्या एकाकडून माझा मावसभाऊ सापडला, त्यानं शोधून काढलं. पार दक्षिणेला आहे. डोळे गेलेत, हृदयाचंही दुखणं आहे, फार दिवसांची नाही म्हणे. शेजाऱ्याकडे फोन आहे. रोज संध्याकाळी जाऊन तिथं बसते. झेनेबेचचा फोन आला का, विचारते."

"मग? केलास?"

"नाही. आणि करणारही नाही." ती कांदे चिरत होती, सुरीचा वेग जराही कमी झाला नाही. "काय बोलू? सव्वीस वर्षं जमीन कसली, आता लेक आठवली. मरू दे तिला तिच्या जमिनीवर."

माधवीबाईंच्या हातातली मेथी पातेल्यात एकदमच पडली. लोणी जोरात फसफसलं. त्यांनी गॅस बारीक केला आणि जवळच्या स्टुलावर बसल्या.

गोष्टीतला गाळलेला भाग असा होता.

पंच्याऐंशी सालचा एक गुरुवार. उत्तरेच्या डोंगरांत बंडखोरांशी लढाई चालू होती. तिथली माणसं उचलून दूर दक्षिणेला नेऊन वसवायची, म्हणजे दुष्काळही आटोपेल आणि बंडखोरांचा आसराही तुटेल, असा सरकारचा डाव होता. स्वखुशीनं जायला फारसं कुणी तयार नव्हतं. मग सोपी युक्ती निघाली. शिध्याची रांग लागली की रांगेलाच वेढा घालायचा. त्या गुरुवारी माधवीबाई शाळेच्या फाटकात उभ्या होत्या. शिपायांनी बंदुका आडव्या धरल्या, माणसं ट्रकांत कोंबली. येशीच्या हातात रिकामं भांडं होतं, ते खाली पडलं. ट्रकच्या फळीवरून वाकून ती ओरडत होती, "झेनेबेच! झेनेबेच!" ट्रक वळणापलीकडे जाईपर्यंत ओरडत होती. झेनेबेच शाळेमागे तुपाचे रिकामे डबे दगडानं घासत बसली होती. पत्र्याच्या त्या खरखराटात तिला काही ऐकू गेलं नाही. माधवीबाईंना गेलं. पोरीला हाक मारली तर तिलाही चढवतील, म्हणून त्या गप्प राहिल्या. याबद्दल त्यांनी स्वतःला कधीच दोष दिला नाही.

दोष पुढचा होता. ती माणसं लगेच दक्षिणेला गेलीच नाहीत. गावापासून पाऊण तासाच्या चालीवर पत्र्याची एक शेड होती, तिच्यात सगळ्यांना कोंडून ठेवलं होतं. हे गावातल्या मोठ्यांना माहीत होतं, पोरांपुढे मात्र कुणी बोलत नसे. आणि रविवारी राजदूत जेवायला आला. युरोपला धान्य तर पाठवायचं होतं. पण त्याच धान्याच्या आमिषानं माणसं पळवली जातायत असं उघड झालं असतं, तर त्यांना आपल्या लोकांत तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून तो डोळ्यांनी बघायला आला होता. कॉम्रेड जरा अरविंदरावांकडे वळलासं पाहून तो हळूच माधवीबाईंकडे झुकला. "मिसेस देवस्थळी, खरं सांगा," तो म्हणाला. "ही माणसं आपल्या मर्जीनं जातायत का?" आणि त्यानं पानावर हात आडवा धरला. वाढणं पुरे, उत्तर द्या, असं त्या हाताचं म्हणणं होतं.

कॉम्रेड हातभर अंतरावर होता. दोघांच्या नोकरीचा करार जूनमध्ये वाढायचा होता. आतल्या खोलीत नंदन पाढे म्हणत होता. शिवाय जेवत्या पाहुण्याच्या पानावर असलं अभद्र बोलायचं नाही, ही लहानपणापासूनची शिकवण. माधवीबाई हसल्या. "एवढंसं तरी घ्याच," म्हणाल्या आणि पळी ओतली.

राजदूतानं बोटं पुसली. क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मग मोठ्यानं तुपाचं कौतुक केलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव माधवीबाईंनी स्पष्ट पाहिला. खरं उत्तर मिळालं असतं तर त्याला उठून त्या शेडपर्यंत जावं लागलं असतं, भांडावं लागलं असतं, मदत थांबवायची की नाही ते ठरवावं लागलं असतं. त्यालाही जेवणच बरं वाटलं. मंगळवारी शेड रिकामी झाली. पुढे रेडिओवर सांगितलं, की परदेशी पाहुण्यांनी पाहणी केली आणि कुणाचीही तक्रार आढळली नाही. आई कुठं गेली असं झेनेबेचनं विचारलं, तेव्हा कॉम्रेड म्हणाला, जमीन घ्यायला गेली, आनंदानं गेली. पोरीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. मोठी झाली की सांगू, असं तेव्हा मनात होतं. सत्याऐंशीत देवस्थळी भारतात परतले, पोरीला राजधानीत, अदिसच्या मिशनमध्ये ठेवलं, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच.

हे सगळं स्टुलावर बसल्या बसल्या माधवीबाईंच्या डोळ्यांपुढून जात होतं. लोणी केव्हाच कढून निवळलं होतं. झेनेबेचनं ते उतरवलं, ताट मांडलं. गरम मसुरीवर नवं लोणी ओतलं. मग तिनं इंजेराचा तुकडा मोडला, मसुरीत बुडवून त्याचा घास केला आणि माधवीबाईंच्या तोंडाशी नेला. ही तिकडची रीत, गुर्शा म्हणतात. प्रेमाच्या माणसाला पहिला घास आपल्या हातानं भरवायचा, आणि भरवणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. रेस्टॉरंट निघाल्यापासून लोण्याच्या प्रत्येक सोमवारी माधवीबाई तो घास घेत आल्या होत्या.

त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"टीचर? गुर्शा नको म्हणतात का कधी?"

"थांब. आधी ऐक. एकदा जेवायला बसले की मला बोलता येत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे."

आणि त्यांनी सांगितलं. गुरुवारपासून मंगळवारपर्यंत, काही न गाळता. झेनेबेचच्या हातातला घास तसाच हवेत राहिला, मग तिनं तो ताटाच्या कडेला ठेवला.

"आईनं मला हाक मारली?"

"मारली. ट्रक दिसेनासा होईपर्यंत मारत होती. दुसरं काही बोललीच नाही ती, फक्त तुझं नाव."

"आणि शेड. कुठली शेड?"

"ओढ्यापलीकडची. पत्र्याची."

झेनेबेच बोटांवर मोजायला लागली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. "मी रोज ओढ्यावर पाण्याला जात होते, टीचर. रोज. ती तिथं होती?"

"होती."

"आणि रविवारी तुम्हाला विचारलं, तेव्हाही होती."

"होती."

कोपऱ्यातला मोठा फ्रिज घरघरत होता. झेनेबेच उठली. पाठमोरी उभी राहिली, पुन्हा वळली. आवाज चढलेला नव्हता आणि तेच माधवीबाईंना सोसवेना.

"तेव्हाचं मी समजू शकते. भीती काय असते ते मला कुणी शिकवायला नको. पण इथं? दोन वर्षं मी तुमच्यासमोर तिला शिव्या दिल्या. प्रत्येक वेळी. आणि तुम्ही लोणी ढवळत बसलात."

"हो."

"का?"

माधवीबाईंनी चष्मा काढला. तोंडाशी पुष्कळ कारणं आली, वय, प्रकृती, योग्य वेळ. त्यांनी ती सगळी गिळली. "तू मला टीचर म्हणतेस," त्या म्हणाल्या. "माझं असं तिथलं आता तेवढंच उरलंय. ते जाईल म्हणून."

 फ्रिजवरची चिठ्ठी झेनेबेचनं ओढून काढली, गल्ल्यातून फोनकार्ड काढलं आणि नंबर फिरवायला लागली. कार्डाचा लांबलचक पिन, मग देशाचा आकडा, मग तो नंबर.  दोनदा चुकली. तिसऱ्यांदा तिनं चिठ्ठी माधवीबाईंपुढे टाकली.

"वाचा," ती म्हणाली. टीचर म्हणाली नाही.

माधवीबाईंनी चष्मा चढवला आणि डिक्टेशन घालावं तसा एकेक आकडा सावकाश, स्पष्ट वाचला. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते. तिकडे साडेसात, संध्याकाळचे. रिंग वाजत राहिली. मग एका पुरुषाचा आवाज आला, मग काहीतरी सरकल्याचा, कुणाला तरी धरून आणल्याचा. शनिवारी लोक जमतील, स्वप्नाली खुर्ची पुढे ओढून देईल, तेव्हा ही गोष्ट या वेळी सबंध सांगायची, मग कुणी टाळ्या वाजवोत की न वाजवोत, हे माधवीबाईंनी त्या चार-पाच क्षणांत पक्कं करून टाकलं. शनिवारी आपल्याला या दारातून आत घेतील की नाही, ते मात्र त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा एक हात अजून ताटावर आडवाच होता आणि बोटांना लोण्याची धग लागत होती.

फोनमधून आवाज आला. बारीक, खोल गेलेला, पण माधवीबाईंना टेबलापलीकडूनही ओळखू आला. ट्रकच्या फळीवरून ऐकला होता तोच, तसाच शेवटचं अक्षर लांबवणारा.

"झेनेबेच?"

झेनेबेचनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"झेनेबेच?"

सदतीस वर्षांची ती उंच बाई वर्गात उभी राहायची तशी ताठ उभी राहिली.

"अबेत, आई," ती म्हणाली. "अबेत. अबेत."